असण्याची भाकर, येण्याची भाकर

ग्रीक भाषेत लिहिलेले जे काही आजवर हाती लागले आहे, ते अफाट आहे. महाकाव्ये, नाटके, तत्त्वज्ञांचे संवाद, वैद्यकाचे ग्रंथ आणि इजिप्तच्या वाळूत सापडलेली पपायरसवरची घरगुती पत्रे, कर्जरोखे, जमाखर्च. या सगळ्या ढिगात एक विशेषण असे आहे, की ते एका प्रार्थनेत येते आणि त्या प्रार्थनेच्या परिवाराबाहेर कुठेच येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय, अकरावे वचन. लूकच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय, तिसरे वचन. दोन्हीकडे तोच शब्द : एपिऊसिओस. दोन्हीकडे तो भाकरीला जोडलेला. येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना जगभर गेली, कोट्यवधी माणसे ती रोज म्हणतात, आणि तिच्यात मागितलेली भाकर नेमकी कसली, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मराठीत ती ‘रोजची’ भाकर झाली. गोव्याच्या कोकणीत तिथे ‘गिरास’ आहे, म्हणजे घास. भात खाणाऱ्या मुलखात भाकर मागून चालले नसते. गुजरातीत ती दिवसाची ‘रोटली’ आहे. नामाची अडचण कुठेच पडली नाही. जो तो आपापल्या चुलीवरचा पदार्थ घेऊन पुढे गेला. अडचण आहे ती विशेषणाची.

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो मराठीतूनच आणि सुरतेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्यांच्या वस्त्या आहेत. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जाणाऱ्या ताप्ती लाइनने आमची माणसे इथे आणली. आमच्या चाळीत शेजारी नवापूरकडचे एक ख्रिस्ती कुटुंब होते. नवापूर म्हणजे ते स्टेशन, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. त्या घरातल्या मावशी दिवेलागणीला मुलांना ओळीने बसवून प्रार्थना म्हणत. त्याच वेळी आमच्या घरात आई पिठाच्या डब्यात हात घालून अंदाज घेत असे. वडील लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीवर. पगार पंधरवड्याने, मधे लागली तर उचल. आईच्या तोंडी रात्रीच्या जेवणाची काळजी क्वचितच असायची, कारण रात्रीचे पीठ मळून झालेले असे. तिचा प्रश्न ठरलेला : उद्याला पुरेल का? भिंतीपलीकडून ऐकू येणारी ‘रोजची’ आणि अलीकडची ‘उद्याला’ या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते असेल, हे तेव्हा कळायचे वय नव्हते. पुढे संस्कृत शिकलो, त्याच्या ओढीने ग्रीक अक्षरे गिरवली आणि या विशेषणापाशी येऊन थांबलो.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिगेन प्रार्थनेवर लिहिताना या शब्दापाशी असाच थांबला होता. त्याची भाषाच ग्रीक. तो सांगतो, की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही आणि सामान्य माणसांच्या बोलण्यातही नाही; शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. हे फार मोठे विधान आहे. येशू बोलला अरामी भाषेत. ते ग्रीकमध्ये आणताना कुणीतरी अडला आणि बाजारात मिळत नव्हता म्हणून नवा शब्द पाडला. ‘रोजचा’ एवढेच म्हणायचे असते तर ही यातायात कशाला? त्या अर्थाचा सरळ शब्द ग्रीकमध्ये होता : एफेमेरोस. ‘एपि’ हे उपसर्गासारखे अव्यय आणि ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. बायबलच्या नव्या करारातच, याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, तो अन्नाचे विशेषण म्हणून आलेला आहे. तो हाताशी असताना प्रार्थनेत तो घेतला नाही, याला माझ्या मते वजन आहे.

एफेमेरोसचा हा प्रयोग व्याकरणासाठीही पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे विशेषणे विकारी आणि अविकारी अशी दोन जातींची असतात. चांगला, चांगली, चांगले असे बदलते ते विकारी. सुंदर किंवा लाल नामाच्या लिंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्रीकमध्ये साधी विशेषणे तिन्ही लिंगांत वेगवेगळी चालतात, पण जोडून बनलेली विशेषणे बहुधा पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच ठेवतात. याकोबाच्या पत्रातले ‘अन्न’ हे नाम स्त्रीलिंगी आहे आणि तरी एफेमेरोसचा प्रत्यय पुल्लिंगी दिसतो, तो यामुळे. एपिऊसिओस याच कुळातले. ग्रीक भाकर, आर्तोस, पुल्लिंगी. विशेषण तिच्यामागे द्वितीया एकवचनात येते, आणि उपपद नामापूर्वी एकदा व विशेषणापूर्वी पुन्हा एकदा येते. ही पुनरुक्ती विशेषणावर बोट ठेवते : भाकर, आमची, ती एपिऊसिओस असलेली. म्हणजे बोलणाऱ्याला हा शब्द वगळता येण्यासारखा वाटत नव्हता. ज्या शब्दावर त्याने जोर दिला, नेमका तोच आपल्याला धूसर दिसतो.

आता शब्द फोडू. पुढचा तुकडा ‘एपि’, याबद्दल वाद नाही. मागच्या तुकड्याचे दोन दावेदार आहेत. एक ‘ऊसिआ’, म्हणजे सत्ता, द्रव्य, असणे. हा शब्द ज्या धातूतून आला, तो संस्कृतातला अस् : अस्ति, सत्, सती. दुसरा दावेदार म्हणजे जाण्या-येण्याचा धातू. ग्रीकमध्ये त्याचे मूळ ‘इ’ आणि संस्कृतातही ‘इ’च : एति, यन्ति. पहिला दावा मानला तर ती असण्याची भाकर होते, जगण्यासाठी आवश्यक तेवढी, किंवा ‘असण्या’चा गूढ अर्थ घेतला तर आत्म्याची भाकर. दुसरा मानला तर ती येण्याची भाकर, येणाऱ्या दिवसाची. भाषाशास्त्रातल्या कोड्यांपैकी मला सर्वांत जवळचे हेच. दोन सर्वांत लहान, सर्वांत जुने धातू, एक असण्याचा आणि एक येण्याचा, आणि मधे भाकर.

व्याकरणाचा कौल कुणाकडे? ग्रीकमध्ये ‘एपि’च्या पुढे स्वर आला की त्याचा शेवटचा इकार सहसा गळतो. एपि अधिक हेमेरा याचे एफेमेरोस झाले, एपिहेमेरोस झाले नाही. संस्कृतात अति आणि अंत यांचे अत्यंत होते. तिथे इ चा य होतो, ग्रीकमध्ये इ निघूनच जाते. मग एपि आणि ऊसिआ मिळून ‘एपूसिओस’ व्हायला हवे होते. अपवाद आहेत. शपथेच्या अर्थाच्या ‘होर्कोस’ला एपि लागून ‘एपिओर्कोस’ झाले आहे. पण अपवादावर घर बांधावे लागते. येण्याच्या धातूत ही अडचणच येत नाही. एपिचा इकार इथेही गळतो, आणि जो इकार दिसतो तो धातूचा स्वतःचा. शिवाय या धातूचे ‘एपिऊसा’ हे स्त्रीलिंगी रूप बायबलमध्येच सापडते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात प्रवासाचे वर्णन करताना ते वारंवार येते, आणि तिथे त्याचा अर्थ दुसरा दिवस, पुढचा दिवस. शब्दशः फक्त ‘येणारी’. ग्रीकमध्ये दिवस स्त्रीलिंगी असतो, म्हणून येणारी, आणि दिवस हे नाम बोलण्यात गाळले तरी चालते.

सुरतेत राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गुजरातीत ‘काल’ म्हणजे मागचा दिवसही आणि पुढचाही. फरक करण्यासाठी विशेषण लावतात : ‘गई काल’ म्हणजे गेलेली, ‘आवती काल’ म्हणजे येणारी. इथला दुकानदार ‘आवती काले आवजो’ म्हणतो, तेव्हा तो एपिऊसाच वापरत असतो. येण्याच्या क्रियेचे विशेषण, स्त्रीलिंगी, आणि अर्थ उद्या. आपली मराठी ‘येत्या सोमवारी’ म्हणते, पण उद्यासाठी तिच्याकडे ‘उद्या’ हा स्वतंत्र शब्द असल्याने तिला हे रूप लागत नाही. मला ग्रीक एपिऊसा कोशातून कळण्याआधी गुजरातीतून कळलेली होती, एवढे खरे.

भाषांतरकारांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन बायबल सिद्ध केले. मूळ ग्रीकमध्ये मत्तय आणि लूक दोघांकडे विशेषण एकच आहे. जेरोमने लूकमध्ये ‘क्वोतिदिआनुम’, म्हणजे रोजची, राहू दिले, आणि मत्तयात ‘सुपरसब्स्तान्तिआलेम’ असा भारदस्त शब्द घातला : सर्व द्रव्यांच्या पलीकडची. आणि याच जेरोमने मत्तयावरच्या भाष्यात नोंदवून ठेवले आहे, की इब्री लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका शुभवर्तमानात त्याला या जागी ‘माहार’ हा शब्द आढळला. माहार म्हणजे उद्या. ते शुभवर्तमान आज उरलेले नाही, पण ही नोंद उरली. मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण प्रार्थना मुळात ज्या बोलीत म्हटली गेली, तिच्या जवळचा हा एकमेव आवाज आहे. इजिप्तमधल्या एका जुन्या कॉप्टिक भाषांतरातही भाकर उद्याचीच आहे. सिरियाक भाषांतरांत मात्र एकात ती नित्याची, दुसऱ्यात गरजेची.

या सगळ्या भाकरी सुरतेत कधी ना कधी मागून झाल्या आहेत. आमचे बंदर होतेच तसे. आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या भाषेतली भाकर नित्याची. त्यांच्या आणि डचांच्या कबरी शहरात अजून आहेत. कापुचिन पंथाचे फ्रेंच पाद्री लॅटिनमधून ‘क्वोतिदिआनुम’ म्हणत. त्यांच्यातल्या फादर अँब्रोज यांच्या घराला १६६४ च्या स्वारीत शिवाजी महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. पुढे १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी इथे आले. त्यांनी गुजराती शिकून, सुरतेतच छापखाना घालून, नवा करार आणि मग १८२३ पर्यंत संपूर्ण बायबल गुजरातीत छापून काढले. स्किनर ते पूर्ण झालेले पाहायला उरले नाहीत. १८२१ मध्येच वारले. तापीकाठच्या या गावात दोन परक्या माणसांनी एका हरवलेल्या ग्रीक विशेषणाला गुजराती शब्द शोधला, ही गोष्ट सुरतेच्या इतिहासात हिऱ्या-जरीइतकीच ठळक लिहिली जावी असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोडे सुटले असे वाटले होते. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमध्ये हवारा येथे एक पपायरस मिळाला, घरखर्चाची यादी. ए. एच. सेस यांनी १८८९ मध्ये त्याचे वाचन छापले, आणि त्यात अर्ध्या ओबोल नाण्याच्या खर्चापुढे ‘एपिऊसि’ अशी अर्धवट अक्षरे दिली. विद्वान आनंदले. शब्द बाजारात होता तर! रोजचा शिधा किंवा दिवसाचा भत्ता असा अर्थ कोशांत शिरला. पपायरस मात्र नंतर बेपत्ता झाला. कितीतरी दशके सगळी भिस्त एका माणसाच्या वाचनावर राहिली. १९९८ मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात पुन्हा हाती आला, आणि नव्याने वाचल्यावर त्या जागी निघाले ‘एलाइऊ’, म्हणजे तेल. ओरिगेनचे म्हणणे जिथल्या तिथे राहिले.

आता ‘येणाऱ्या दिवसाची’ या माझ्या पक्षाविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप. त्याच सहाव्या अध्यायात, थोडे पुढे, येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो. मग तोच उद्याची भाकर कशी मागायला लावील? मनूने गृहस्थ ब्राह्मणाचे चार प्रकार सांगितले आहेत, कणगीभर धान्य साठवणाऱ्यापासून उतरत्या क्रमाने, आणि शेवटचा ‘अश्वस्तनिक’, ज्याच्यापाशी श्वस्तन म्हणजे उद्याचे काहीच नाही. पुढचा पुढचा श्रेष्ठ, असा मनूचा निवाडा. माधुकरीचा आदर्श त्यातलाच. येशूची प्रार्थना अश्वस्तनिकाची असायला हवी, उद्याची भाकर मागणाऱ्याची नव्हे, असे कुणीही म्हणेल.

पण अश्वस्तनिक होणे हे ज्याने स्वीकारले त्याचे व्रत आहे. ज्याच्यावर ते लादले गेले त्याचे तसे नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला उद्याचे पीठ म्हणजे साठेबाजी वाटत नाही. बायबलच्या निर्गम या पुस्तकात इस्राएलांना रानात मान्ना हा दैवी शिधा मिळतो. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडतात. पण सहाव्या दिवशी दुप्पट मिळतो आणि तो सडत नाही, कारण दुसरा दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी उद्याची भाकर आजच पदरात पडते. आणि मत्तयाच्याच विसाव्या अध्यायातले द्राक्षमळ्याचे मजूर पाहा. बाजारात उभे राहतात, कुणी कामावर नेईल का याची वाट बघतात, एक दीनार रोज ठरतो, आणि मजुरी सांजेला हातावर पडते. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला नियमच आहे, की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या. सांजेला पैसे मिळाले, धान्य आणले, दळले, तर ती भाकर खायची केव्हा? बव्हंशी दुसऱ्या दिवशी. आजची मजुरी हीच उद्याची भाकर. ‘आज दे’ आणि ‘येणाऱ्या दिवसाची’ हे शब्द एकाच वाक्यात कसे बसतात, हे ग्रंथालयात बसून कोड्यासारखे वाटते. सुरतेच्या कडियानाक्यावर कामाच्या आशेने सकाळी उभ्या असलेल्या मजुरांना ते कोडे वाटणार नाही.

क्रियापदही हेच सांगते. मत्तयात देण्याचे आज्ञार्थी रूप ‘दोस’ आहे, एकदा घडणाऱ्या क्रियेचे. लूकमध्ये ‘दिदू’, चालू राहणाऱ्या क्रियेचे. आपण ‘देत जा’ म्हणू तसे, आणि त्याला जोडून दररोज असा शब्द. आता लूकच्या ओळीत एपिऊसिओसचाही अर्थ ‘रोजची’ घेतला, तर रोजची भाकर रोज देत जा, अशी द्विरुक्ती होते. येणाऱ्या दिवसाची भाकर रोज देत जा, म्हटले की दोन्ही शब्द कामाला लागतात.

मराठीत या प्रार्थनेपाशी आलेल्या सगळ्यांत मला पंडिता रमाबाईंचा विचार पुन्हा पुन्हा येतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, देशभर भटकत असताना, आईवडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत अन्नावाचून खंगत गेली. त्यातून उरलेल्या या मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदन उभे केले, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो निराधार मुली तिथे आणून वाढवल्या. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत केले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये निघाले, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायका-मुलींच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांतून. संस्कृत व्याकरणावर वाढलेल्या रमाबाईंना ग्रीक धातूंमध्ये अस् आणि इ ओळखू आले असणारच. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळे आहे.  भूक अंगावर काढलेल्या आणि भुकेल्या मुलींना पानावर बसवलेल्या बाईने या ओळीचे भाषांतर करणे, हे त्या ओळीच्या इतिहासात क्वचित घडले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत सुरतेचे माग थांबले आणि एप्रिलमध्ये कामगार रस्त्यावर आले. पगार द्या, गावी जाऊ द्या, एवढेच म्हणणे. त्यांच्यात ओडिशाचे होते, उत्तर प्रदेशाचे होते, आमचेही होते. त्या रात्रीचे जेवण शहरातल्या अनेक संस्था देत होत्या, त्यांना माझा नमस्कार. पण त्या माणसांच्या चेहऱ्यावरची भीती रात्रीची नव्हती, उद्याची होती. याकोबाच्या पत्रात एफेमेरोस जिथे येतो, तिथला प्रश्न अशा वेळी आठवतो : एखाद्या भावाला किंवा बहिणीला त्या दिवसाचे अन्न नाही, आणि तुम्ही नुसते ‘सुखाने जा’ म्हणालात, तर त्याचा उपयोग काय?

‘रोजची’ हा शब्द मराठीने टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो म्हटला आहे, आणि ‘रोज’ या शब्दात आपल्याकडे दिवसाची मजुरीही आहे. पण एपिऊसिओसचा अर्थ माझ्या मते ‘येणाऱ्या दिवसाची’ हाच आहे. ही प्रार्थना मराठीत छापणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की ओळ आहे तशी ठेवा, आणि खाली बारीक टायपात एक टीप द्या : किंवा, उद्याची.